ताटातली ॲलर्जी आणि दंडातली लस

करोनाची लसीकरण मोहीम देशात १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. त्याच्या तोंडावर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना एक पत्र पाठवलं. लस कोणाला देऊ नये, याची यादी त्यात होती. पूर्वी एखाद्या लसीची, इंजेक्शनची किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी आलेले लोक त्या यादीत होते, आणि त्यांच्याच ओळीत खाद्यपदार्थांची ॲलर्जी असलेलेही होते. ब्रिटनच्या औषध नियामकाने ९ डिसेंबर २०२० ला असाच इशारा दिला होता. पण महिना संपायच्या आत खाद्यपदार्थांचा उल्लेख त्यांनी काढून टाकला. आपल्याकडे मात्र ती यादी केंद्राकेंद्रांवर वाचली गेली आणि लोकांच्या मनात बसली. ‘खाण्याची ॲलर्जी असेल तर लस नको’ हे वाक्य करोनाच्या साथीबरोबर गेलं नाही. ते तान्ह्या मुलांच्या लसींपर्यंत येऊन पोचलं.

सुरतेत त्याला वेगळाच रंग आहे. या शहराची एक ओळख शाकाहारी, जैन-वैष्णव घरांची; दुसरी ओळख संध्याकाळी लागणाऱ्या अंड्यांच्या लाऱ्यांची, जिथे तव्यावरचा ‘घोटाळा’ खायला माणसं लांबून येतात. शिवाय लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. कापडाच्या धंद्याने त्यांना इथे आणलं. मुलं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकतात, घरात अहिराणी बोलतात आणि लसीकरणासाठी गुजराती ‘ममता कार्ड’ घेऊन शहरी आरोग्य केंद्रात जातात. त्या कार्डावर ‘ओरी’ लिहिलेलं असतं. आपण त्याला गोवर म्हणतो. अशा घरातल्या बाळाला अंडं भरवल्यावर गांधी उठल्या किंवा वरचं दूध दिल्यावर उलट्या झाल्या, की नवव्या महिन्याच्या लसीच्या वेळी प्रश्न हमखास येतो: आता ही सुई द्यायची का?

उत्तर थोडक्यात असं: जवळजवळ सगळ्या मुलांना, जवळजवळ सगळ्या लसी, ठरल्या वेळी द्यायच्या. अपवाद मोजके आहेत. त्यांतही बहुतेक ठिकाणी प्रश्न लस कुठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या कंपनीची घ्यायची, एवढाच असतो. गंमत अशी, की आपण ज्या पदार्थाला सर्वांत जास्त घाबरतो तो बहुतेक लसींत जवळपास निरुपद्रवी ठरला आहे, आणि ज्याचा विचारही करत नाही तिथे थोडी सावधगिरी लागते. म्हणून एकेक पदार्थ घेऊन बघू.

अंडं: जुन्या भीतीचा उगम

अंड्याची भीती हवेतून आलेली नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत गोवराची पहिली लस आली. तिचा विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवलेला होता. फ्लूची लस तर थेट फलित अंड्यांतच वाढवली जायची, आजही बरीचशी तशीच बनते. त्यामुळे अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला आधी लसीचाच थेंब त्वचेत टोचून तपासायचं, मग डोस तुकड्या-तुकड्यांनी द्यायचा, अशी पद्धत पडली. कित्येक मुलांना लस मिळालीच नाही.

१९९५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अंड्याची ॲलर्जी असलेल्या ५४ मुलांना गोवराच्या लसीचा पूर्ण डोस एकदम दिला गेला आणि कोणालाही गंभीर ॲलर्जी आली नाही. कारण सोपं आहे. भ्रूणपेशी म्हणजे अंड्यातला बलक किंवा पांढरा भाग नव्हे. त्या लसीत अंड्याचं प्रथिन उरलंच तर नॅनोग्रॅमच्या घरात, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबात असतं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. १९९७ पासून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्वचेची चाचणी न करताच ही लस देण्याची शिफारस केली.

भारतात तर या चर्चेचा पायाच निसटतो. सरकारी कार्यक्रमातल्या गोवर-रुबेला लसीची मोठी पुरवठादार पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट आहे. तिच्या लसीतला ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ जातीचा गोवर विषाणू मानवी पेशींवर वाढवलेला असतो, रुबेलाचाही तसाच. कोंबडी या व्यवहारात येतच नाही. खासगी दवाखान्यात मिळणाऱ्या एमएमआर लसीत गालगुंडाचा जो तिसरा भाग असतो, तो कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढतो. पण वर सांगितल्याप्रमाणे त्यानेही अडत नाही. लिंबायतच्या आरोग्य केंद्रात ‘बाळाला अंडं चालत नाही’ म्हणून गोवराची सुई टाळणारी आई ज्या कारणाने घाबरते, ते कारण बहुधा त्या कुपीत नसतंच.

फ्लूची लस सरकारी यादीत नाही. पण भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ती दर वर्षी घेण्याची शिफारस करते आणि सुरतेतले खासगी बालरोगतज्ज्ञ ती देतात. या लसीत अंड्याचं प्रथिन थोडं जास्त असतं, तरी सहसा डोसामागे एका मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. ब्रिटनमध्ये अंड्याची ॲलर्जी असलेल्या ७७९ मुलांना नाकात फवारायची फ्लूची लस दिली, तेव्हा एकालाही अंगभर ॲलर्जी आली नाही. हा अभ्यास २०१५ चा. अमेरिकेने पायरीपायरीने बंधनं सैल केली आणि २०२३ मध्ये शेवटचं बंधनही काढलं. आता तिथे अंड्याची कितीही तीव्र ॲलर्जी असली, तरी फ्लूच्या लसीसाठी वेगळी काळजी सांगितली जात नाही.

अंड्याच्या बाबतीत लक्षात ठेवायच्या लसी दोनच. पहिली पिवळ्या तापाची म्हणजे यलो फीवरची. ती सबंध अंड्यांतल्या भ्रूणात वाढते, तिच्यात अंड्याचं प्रथिन जास्त असतं, आणि अंड्याने ॲनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी झालेल्या माणसाला ती सरसकट देत नाहीत. सुरतेला हा दूरचा प्रश्न नाही. हिऱ्यांच्या निमित्ताने इथली कुटुंबं आफ्रिकेतल्या देशांत जात-येत असतात, आणि साथीच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जातं. ही लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते. म्हणून मुलाला अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी ॲलर्जीतज्ज्ञाला भेटणं शहाणपणाचं.

दुसरी रेबीजची. या लसीच्या काही प्रकारांत विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवतात. ‘रेबिपूर’ या नावाने अनेक वर्षं ओळखली गेलेली लस सुरतेजवळच्या अंकलेश्वरच्या कारखान्यात बनत असे. दुसरे प्रकार ‘व्हेरो’ नावाच्या माकडाच्या पेशींवर वाढवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलासाठी दुसरा प्रकार निवडता येतो. पण कुत्रा चावल्यावर निवड करत थांबायचं नसतं. रेबीज झाला तर माणूस वाचत नाही. म्हणून चावल्यानंतरच्या लसीला कोणतीही ॲलर्जी आडवी येऊ देऊ नये, जी लस हाताशी असेल ती घ्यावी. सावधगिरी बाळगून घ्यावी, पण त्याच दिवशी घ्यावी.

दूध: न विचारलेला प्रश्न

दुधाची गोष्ट मोठी आहे आणि ती आपल्याकडे कमी बोलली जाते. सुरतेत १९५१ मध्ये स्थापन झालेल्या सुमुल डेअरीचं दूध घरोघर पोचतं. घारी मावा-तुपाची, बासुंदी दुधाची, बाळाचं पहिलं वरचं अन्नही दुधाचंच. गाईच्या दुधाची ॲलर्जी बहुधा पहिल्या वर्षातच कळते, आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस येतो नवव्या महिन्यात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आईसमोर उभ्या राहतात.

गोवर-रुबेलाची कोरडी लस टिकून राहावी म्हणून तिच्यात काही पदार्थ मिसळतात. सिरमच्या लसीच्या माहितीपत्रकात त्यांची यादी असते: अंशतः विघटित जिलेटिन, सॉर्बिटॉल, काही अमिनो आम्लं आणि ‘लॅक्टाल्ब्युमिन हायड्रोलायसेट’. हा शेवटचा पदार्थ दुधाच्या प्रथिनापासून बनतो. प्रथिनाचे तुकडे केलेले असतात आणि प्रमाण अगदी कमी असतं. दूध पिणाऱ्या मुलाला त्याचा काही संबंध येत नाही. ज्यांना दुधाची सौम्य ॲलर्जी आहे, त्यांनाही सहसा त्रास होत नाही. पण अतितीव्र ॲलर्जी असलेल्या मोजक्या मुलांचं वेगळं असू शकतं.

हे ब्राझीलमध्ये २०१४ च्या गोवर मोहिमेत दिसून आलं. सिरमची लस मिळालेल्या, दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना तीव्र प्रतिक्रिया आल्या. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने अशा मुलांना ही लस देणं थांबवलं आणि दुसऱ्या कंपनीची, या घटकाशिवायची गोवराची लस द्यायला सांगितलं. श्रीलंकेतल्या संशोधकांनी लसीनंतर ॲलर्जी आलेल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात गाईच्या सीरम अल्ब्युमिनविरुद्धची प्रतिपिंडं आढळली; हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. ब्राझीलने मुलांना गोवराच्या लसीशिवाय सोडलं नाही, कुपी बदलली.

ट्रिपलच्या म्हणजे डीपीटीच्या लसीबाबतही असाच एक धागा आहे. घटसर्प आणि धनुर्वाताचे जंतू ज्या पोषक द्रवात वाढवतात, त्यात दुधातल्या केसीनचा उपयोग होतो. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दुधाची फार तीव्र ॲलर्जी असलेल्या आठ मुलांना ट्रिपल किंवा तिच्या बूस्टर डोसानंतर प्रतिक्रिया आल्याची नोंद केली. लसीत केसीनचे अंश काही नॅनोग्रॅम इतके सापडले. यावर जगातल्या तज्ज्ञांचं मत मात्र बदललं नाही. दुधाची ॲलर्जी असलेली बहुसंख्य मुलं ही लस विनासायास घेतात. आपल्याकडे तर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातले, ट्रिपल जिच्यात येते त्या पेंटाव्हॅलंट लसीचे डोस बाळाला वरचं दूध मिळायच्या आधीच झालेले असतात. ते नीट झाले असतील, तर ती एक चांगली खूण आहे.

दुधाबद्दल दोन गैरसमज इथेच निकाली काढायला हवेत. पहिला: दूध प्यायल्यावर पोट फुगणं किंवा ढाळ होणं म्हणजे ॲलर्जी नव्हे. दुधातली साखर न पचणं, ज्याला लॅक्टोज न पचणं म्हणतात, त्याचा लसीशी काहीच संबंध नाही. दुसरा: गाईचं दूध बाधतं म्हणून शेळीचं किंवा म्हशीचं दिलं की झालं, असं नाही. या दुधांतली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की खरी ॲलर्जी असलेल्या मुलाला तिन्ही बाधू शकतात. आजीने सांगितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा बदल करू नये.

जिलेटिन, यीस्ट, शेंगदाणा

जिलेटिन हाडा-कातड्यांपासून बनतं. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या काही लसींत ते स्थिरक म्हणून असतं. जपानमध्ये १९९० च्या दशकात गोवराच्या लसीनंतर ॲनाफिलॅक्सिसच्या घटना वाढल्या. मूळ सापडलं ते जिलेटिनमध्ये. तान्ह्या बाळांना दिलेल्या ट्रिपलच्या लसीतही जिलेटिन होतं. त्या डोसांनी शरीर जिलेटिनला ओळखू लागलं आणि पुढच्या डोसाला उसळलं. जपानी कंपन्यांनी लसींतून जिलेटिन काढलं किंवा बदललं आणि त्या घटना ओसरल्या. शाकाहारी घरातल्या मुलाला जिलेटिनची ॲलर्जी आहे हे कळणंच अवघड, कारण ते समोर ताटात नसतं. जेली, मार्शमेलो, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि कॅप्सूलचं कवच यांतून पोटात जातं. अशा वस्तूंनंतर कधी मुलाच्या अंगावर गांधी उठल्या असतील, तर ती बाब गोवराच्या आणि कांजिण्यांच्या लसीआधी डॉक्टरांना सांगायची आहे.

यीस्ट हिपॅटायटिस-बी आणि एचपीव्हीच्या काही लसी बनवताना लागतं. त्यांतल्या काहींत वापरतात ते पावाला आंबवणारंच यीस्ट. त्याची ॲलर्जी इतकी दुर्मिळ आहे, की पाव-बिस्किटं निर्धास्त खाणाऱ्या मुलासाठी हा विचारही करायला नको.

शेंगदाण्याबद्दल अफवा जोरात असते, आणि सिंगतेलावर वाढलेल्या गुजरातेत ती सहज पसरते. तिला एक जुना, खरा धागा आहे: १९६० च्या दशकात अमेरिकेत शेंगदाण्याच्या तेलावर आधारलेला एक सहायक घटक लसींसाठी तपासला गेला होता. तिथे त्याला परवानगी मिळाली नाही. भारतात मुलांना दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या लसींत शेंगदाणा नाही. तीळ, काजू, गहू, मासे, कोळंबी यांच्या ॲलर्जीचंही तेच: नेहमीच्या लसींना त्या अडवत नाहीत. दमा, इसब, सततची सर्दी, घरात कुणाला ॲलर्जी असणं, यांपैकी काहीही नेहमीची लस पुढे ढकलण्याचं कारण नाही.

ॲलर्जी खरी किती?

निम्मा गोंधळ ‘ॲलर्जी’ म्हणजे नेमकं काय, यातच आहे. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका मोठ्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. प्रत्यक्षात ॲलर्जी होती १.२ टक्के लोकांना. त्याच राज्यातल्या शाळकरी मुलांत खाद्यॲलर्जी असण्याची शक्यता ०.१४ टक्के निघाली. हाँगकाँगमध्ये तेच प्रमाण १.५ टक्के होतं. म्हणजे रक्ताच्या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ येणं आणि तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं यांत मोठी दरी आहे. आज शहरांतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पन्नास-शंभर पदार्थांची ॲलर्जी चाचणी एकाच वेळी होते आणि लांबलचक यादी हातात पडते. त्या यादीवरून मुलाचं जेवण बंद करणं चूक, आणि लस बंद करणं त्याहून चूक.

लसीच्या दृष्टीने महत्त्वाचा इतिहास एकच: तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगभर गांधी, ओठ किंवा चेहऱ्याला सूज, वारंवार उलट्या, श्वासात घरघर, आवाज बसणं, बाळ एकदम मलूल होऊन पांढरं पडणं, यांपैकी काही झालं का? झालं असेल, तर ती तीव्र ॲलर्जी मानून पुढचा विचार करायचा. दुसऱ्या दिवशी गालावर लाली आली, तोंडाभोवती थोडं पुरळ आलं, किंवा आठवड्याने शी पातळ झाली, तर ते डॉक्टरांना दाखवा. पण लसीच्या तारखेला त्याने धक्का लागू नये.

लसीनंतरच्या त्रासातही असाच फरक करावा लागतो. गोवराच्या लसीनंतर सात ते बारा दिवसांनी ताप आणि पुरळ येणं हा लसीतल्या दुबळ्या विषाणूचा परिणाम आहे, ॲलर्जी नव्हे. सुईची जागा सुजणं, एक-दोन दिवस ताप, हेही ॲलर्जीत मोडत नाही. बाळ दुपारी नवा पदार्थ खाईल आणि संध्याकाळी गांधी उठतील, तर दोष लसीला लागेल. म्हणून लसीच्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत बाळाला कोणताही नवा पदार्थ सुरू करू नये.

जोखीम किती, तयारी किती

लसीनंतर ॲनाफिलॅक्सिस होतो, हे खरं. किती होतो, याचा चांगला हिशोब अमेरिकेत झाला. २००९ ते २०११ या काळातल्या अडीच कोटींहून अधिक डोसांची छाननी झाली. त्यात लसीमुळे झालेले ३३ ॲनाफिलॅक्सिस सापडले: दर दहा लाख डोसांमागे १.३१. एकही मृत्यू झाला नाही. यांतल्या बहुतेकांना आधीपासून दमा किंवा ॲलर्जीसारखा त्रास होता. आणि एक गोष्ट आपल्या आया-बापांनी लक्षात ठेवावी अशी आहे: ३३ पैकी फक्त आठांना पहिल्या अर्ध्या तासात त्रास सुरू झाला. बाकीच्या बहुतेकांना त्यानंतर, काहींना तीन-चार तासांनीही. केंद्रावर अर्धा तास थांबायला सांगतात ते बरोबरच आहे, पण ॲलर्जी असलेल्या मुलाकडे घरी आल्यावरही झोपेपर्यंत लक्ष ठेवायला हवं.

ॲनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही. भारतातल्या लसीकरण केंद्रांवर आपत्कालीन किट ठेवायचा नियम आहे, आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार एएनएमलाही वयानुसार एक डोस टोचण्याची परवानगी आहे. म्हणजे सुई टोचणारी नर्सताई ती प्रतिक्रिया थांबवायची पहिली पायरीही चढू शकते. परदेशात पालक स्वतः टोचू शकतील असं ॲड्रिनॅलिनचं पेन घेऊन फिरतात. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे सुरतेत तीव्र ॲलर्जीच्या मुलाला लस देताना जागेची निवड हीच खरी तयारी ठरते.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही बघितलं पाहिजे. गोवराचा एक रोगी, लस न घेतलेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. साथ रोखायला ९५ टक्के मुलांना दोन डोस मिळावे लागतात. २०२२ च्या शेवटी मुंबईतल्या गोवंडी भागात, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली. गुजरातेत अहमदाबादेतही रोगी वाढले आणि केंद्राने पथक पाठवलं. मालेगाव आणि भिवंडी यंत्रमागांची गावं, सुरत कापडाची राजधानी. माणसं आणि मुलं या तिन्हींमध्ये येत-जात असतात. गोवर झाल्यावर मुलाचं न्यूमोनियाने, मेंदूच्या सुजेने नुकसान होऊ शकतं, आणि आधी मिळवलेली दुसऱ्या रोगांची प्रतिकारशक्तीही काही काळ पुसली जाते. ॲलर्जी असलेल्या मुलासाठीही गोवर तेवढाच घातक आहे.

कार्डावर काय लिहिलं जातं

सगळा आढावा घेतल्यावर जी त्रुटी डोळ्यांत भरते, ती औषधातली नाही, कागदावरची आहे. ब्राझीलला कुपी बदलता आली, कारण कोणत्या मुलाला कोणत्या कंपनीची लस दिली, हे तिथे सापडलं. आपल्या कार्डावर तारीख असते, लसीचं नाव असतं. कंपनी आणि बॅच नंबर बहुधा नसतो. मुलाच्या ॲलर्जीसाठी बहुतेक कार्डांवर जागाच नसते. यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद होते, पण आई केंद्रात येते ती हातातलं कार्ड घेऊन. सुरतेतलं मराठी कुटुंब दिवाळीत किंवा सुट्टीत गावी जातं, मधला डोस शिरपूर किंवा चोपड्याला होतो, आणि परत आल्यावर गुजराती आणि मराठी अशी दोन कार्डं जुळवायची वेळ येते. अशा कुटुंबात ॲलर्जीची माहिती तोंडीच राहते आणि तोंडी माहिती पहिल्याच बदलीत हरवते.

म्हणून आईबापांनी काय करावं, ते स्पष्ट सांगतो. बाळाला कुठल्या पदार्थाने, किती वेळात, काय झालं, हे तारखेसह एका कागदावर लिहा आणि तो कार्डाला जोडा. शक्य असेल तेव्हा गांधी किंवा सूज मोबाइलवर टिपून ठेवा. सौम्य त्रास असेल तर ठरलेल्या दिवशी नेहमीच्या केंद्रातच लस द्या, अर्धा तास थांबा. दुधाने किंवा जिलेटिनने ॲनाफिलॅक्सिस झालेलं बाळ असेल, तर गोवर-रुबेलाच्या डोसाआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, कुपीचं नाव आणि माहितीपत्रकातले घटक बघायला सांगा, कारण ते कंपनीनुसार आणि वेळेनुसार बदलू शकतात. दुसऱ्या कंपनीची लस मिळत नसेल, तर नवी सिव्हिल किंवा महापालिकेचं स्मीमेर यांच्यासारख्या, बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयात देखरेखीखाली लस घेण्याबद्दल विचारा. आधीच्या एखाद्या लसीनंतरच तीव्र प्रतिक्रिया आली असेल, तर ती लस पुन्हा घ्यायची की नाही हे ॲलर्जीतज्ज्ञच ठरवतील. बाकीच्या लसी त्यासाठी थांबवू नका. आणि घरच्या घरी, किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने, लस ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून टाळू नका. टाळलेला डोस बहुधा टळलेलाच राहतो.

महापालिकेला आणि राज्यांच्या आरोग्य खात्यांना दोन मागण्या कराव्या लागतील. कार्डावर ॲलर्जीसाठी एक ओळ आणि प्रत्येक डोसासमोर कंपनी व बॅचसाठी एक रकाना छापा. त्याला फार खर्च येत नाही. आणि दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी, दुधाचा घटक नसलेली गोवराची लस प्रत्येक मोठ्या शहरात निदान एका सरकारी रुग्णालयात ठेवा. ब्राझीलने जे २०१४ मध्ये केलं, ते ज्या देशात सिरमची लस बनते त्या देशाला जड नाही.

करोनाच्या त्या यादीने खाण्याची ॲलर्जी आणि लस यांची गाठ चुकीच्या ठिकाणी मारली. ती सोडवायची जबाबदारी सरकारची आणि डॉक्टरांची आहेच, पण पुढच्या बुधवारी, लसीकरणाच्या ‘ममता दिवसा’ला, केंद्रात जाणाऱ्या आईचीही आहे. तिने ॲलर्जी लपवू नये आणि लसही चुकवू नये. नर्सताईंना आधी सगळं सांगावं, मग बाळाला लस द्यावी.